लाकडी आणि लोखंडी सिलिपाट: टिकाऊ कसं करायचं, दुरुस्तीला सोपं कसं ठेवायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रुळांखाली आडवी टाकलेली तुळई म्हणजे स्लीपर. लाईनवरची माणसं त्याला सिलिपाट म्हणतात आणि माझ्याही तोंडात तोच शब्द बसलाय. रुळांच्या देखभालीत माझी सगळी नोकरी गेली. मेन लाईनवर आता काँक्रीट आलं, पण गर्डरच्या पुलांवर, जुन्या यार्डांत, कारखान्यांच्या साइडिंगमध्ये (मेन लाईनपासून फुटलेल्या बाजूच्या लाईनीत) आणि बागेतल्या छोट्या गाड्यांखाली लाकूड आणि लोखंडाचं काम अजून निघतं. अशा लाईनी सांभाळणारे लोक मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रवासी गाड्या धावतात त्या लाईनवर यातलं काहीही स्वतःच्या मनाने करायचं नाही. तिथे नियमपुस्तक आणि जबाबदार इंजिनिअर सांगेल तेच.

सिलिपाट नेमकं करतं काय?

दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, धरून ठेवतं. आपल्या ब्रॉडगेजचं हे अंतर १६७६ मिमी. शिवाय चाकाचा भार खडीवर पसरवतं, रुळाला आतल्या बाजूला २० ला १ असा कल देतं आणि रूळ पुढे-मागे किंवा बाजूला सरकू देत नाही. यातलं एक काम जरी सुटलं, तरी ते सिलिपाट जागेवर दिसतं पण कामाचं राहत नाही. गेज न धरणारं सिलिपाट वरून कितीही धडधाकट दिसो, ते बाद.

टिकाऊ आणि दुरुस्तीला सोपं, दोन्ही एकदम कसं जमणार? भक्कम म्हटलं की ते जड आणि अवघड होतंच ना?

इथेच बहुतेकांची गफलत होते. सिलिपाट एकसंध, कधीच न झिजणारं करायला गेलात तर एक कोपरा गेला की सगळं फेकावं लागतं. माझं म्हणणं साधं आहे. झिज होणारच, तेव्हा ती कुठे व्हायची ते आपण ठरवायचं. झिजणारा तुकडा वेगळा ठेवायचा, स्वस्त ठेवायचा आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात चार माणसांना पहार, घण, पाना आणि गिरमिट एवढ्यावर बदलता आला पाहिजे. रुळाखालची प्लेट झिजावी, लाकूड नाही. रूळ आवळणारी चावी झिजावी, लोखंडी सिलिपाटाची पन्हाळ नाही. भोकात ठोकलेली खुंटी कुजावी, तुळई नाही. खालची बहुतेक उत्तरं याच एका विचारातून आलेली आहेत.

लाकडी सिलिपाट कुठून खराब होतं?

नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात मी एका साइडिंगवर सिलिपाटांची पाहणी करत होतो. वरून भेगाळलेली, काळवंडलेली दिसली की वहीत फुली मारायची, असं चाललं होतं. गँगचा मुकादम बराच वेळ गप्प बघत होता. मग म्हणाला, "साहेब, उन्हानं तडकलेलं लाकूड मरत नाही. खिळा बघा." त्याने एका फुली न मारलेल्या, वरून छान गुळगुळीत सिलिपाटावरचा डॉग स्पाइक, म्हणजे रूळ धरणारा जाड खिळा, नुसत्या हाताने हलवला आणि उपसून माझ्या तळहातावर ठेवला. अर्धा खिळा गंजून बारीक झाला होता आणि त्याला भिजलेल्या चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी भुगा चिकटला होता. मग त्याने घणाच्या दांड्याने त्याच सिलिपाटावर ठोकलं. ठक्‌ऐवजी बद्द आवाज आला. मी फुली मारलेल्यावर ठोकलं तर तो खणखणीत वाजला.

लाकूड बुरशीने कुजतं. बुरशीला हवा, ऊब आणि ओल तिन्ही लागतात. लाकडात साधारण २० टक्क्यांच्या खाली ओल असेल तर ती वाढत नाही. सिलिपाटाच्या वरच्या अंगावर पाऊस पडतो, पण ऊनही पडतं, वारा लागतो आणि ते वाळतं. खिळ्याच्या भोकात शिरलेलं पाणी मात्र तिथेच राहतं. त्यात गंजणाऱ्या लोखंडाने आजूबाजूचे तंतू आणखी मऊ होतात. प्लेटखाली तेच, रूळ थेट लाकडावर बसला असेल तर तिथेही तेच, आणि खडीत चिखल झाला असेल तर खालून पूर्ण अंगालाच तेच. म्हणून टिकाऊ सिलिपाटाची सुरुवात लाकडाच्या जातीपासून होत नाही. पाणी कुठून शिरतं आणि कुठून निघून जातं, इथून होते.

मग जातीला महत्त्व नाहीच का?

आहे. साल आणि साग यांचा गाभा मुळातच टिकाऊ. देवदारात तेल असतं, म्हणून तो मऊ असूनही कुजायला वेळ लागतो. ब्रिटिश काळात हिमालयातले देवदार तोडून नद्यांतून वाहून आणत आणि रेल्वेला सिलिपाटं पुरवत. त्या तोडीचा वेग पाहूनच सरकारला जंगलांवर देखरेख बसवण्याची गरज वाटू लागली. १८६४ साली वनखातं सुरू झालं आणि डायट्रिच ब्रँडिस त्याचे पहिले प्रमुख झाले. आपल्याकडचा ऐनही सिलिपाटासाठी चालतो. चीड, म्हणजे हिमालयातला पाइन, मऊ आणि स्वस्त. प्रक्रिया केल्याशिवाय ते टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

झाडाच्या गाभ्याबाहेरचा पांढरट भाग मात्र कोणत्याही जातीचा असो, टिकत नाही. सागाचं म्हणून कोणी पांढऱ्या भागाचं सिलिपाट देऊ लागला तर ते साग नाही असंच समजून भाव करा.

भारतीय रेल्वेने लाकूड निवडायला एक आकडा ठरवला होता. त्यात ताकद आणि कठीणपणा दोन्ही धरतात. ताकदीच्या अंकात कठीणपणाचा अंक दहापट करून मिळवायचा आणि बेरजेला २० ने भागायचं. साध्या लाईनसाठी हा आकडा किमान ७८३ हवा, क्रॉसिंगच्या, म्हणजे एक लाईन दुसरीला मिळते तिथल्या, सिलिपाटांसाठी १३५२ आणि पुलावरच्यांसाठी १४५५. कठीणपणाला दहापट वजन का दिलं, हे समजून घ्या. सिलिपाट मधे मोडून क्वचितच बाद होतं. ते रुळाखाली चेंगरून बाद होतं.

क्रिओसोट म्हणजे नुसतं डांबर फासणं का?

नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. क्रिओसोट म्हणजे कोळशाच्या डांबरातून काढलेलं, लाकूड कुजू न देणारं तेल. ब्रशने लावलेलं डांबर किंवा तेल वरच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये राहतं. पहिली भेग पडली की आत कोरं लाकूड उघडं. खरी प्रक्रिया दाबाने होते. जॉन बेथेलने १८३८ साली पेटंट घेतलेल्या पद्धतीत लाकूड बंद टाकीत घालून आधी आतली हवा खेचून काढतात आणि मग दाबाने क्रिओसोट भरतात. पेशी तेलाने गच्च होतात. रुपिंगच्या पद्धतीत उलटं करतात. आधी लाकडात दाबाने हवा भरतात, मग तेल, आणि शेवटी दाब सोडला की आतली हवा जादाचं तेल बाहेर ढकलते. पेशींच्या भिंती माखलेल्या राहतात, पेशी मोकळ्या होतात. तेल कमी लागतं आणि सिलिपाट उन्हात पाझरत नाही. आपल्याकडे पंजाबात धिलवान, आसामात नाहरकटिया, उत्तर प्रदेशात बरेली आणि केरळात ओलवक्कोट इथे रेल्वेचे असे कारखाने होते.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. खिळ्यांची भोकं पाडणं, प्लेट बसायची जागा तासणं, टोकं कापून मापात आणणं, हे सगळं प्रक्रियेच्या आधी करायचं. टाकीतून बाहेर आलेल्या सिलिपाटावर नंतर वाकस चालवला किंवा भोक पाडलं, की जिथे पाणी शिरणार नेमकी तीच जागा कोरी राहते. मी असे ढीग पाहिले आहेत, बाहेरून काळेभोर आणि प्रत्येक भोकात पिवळंधमक ताजं लाकूड. नाइलाजाने जागेवर भोक पाडावं लागलं तर त्यात गरम क्रिओसोट ओता, मुरू द्या आणि मगच खिळा ठोका.

लाकूड वाळवायचं कसं?

प्रक्रियेआधी ते वाळलेलं हवं, नाहीतर तेलाला आत जायला जागाच नसते. डेपोत "वन अँड नाइन" नावाची रचना असायची. एका थरात नऊ सिलिपाटं, त्यावर एका कडेला आडवं एकच, त्यावर पुन्हा नऊ. प्रत्येक थर तिरपा राहतो, त्यामुळे पाणी निथळतं आणि मधून वारा खेळतो. खाली दगड किंवा जुनी सिलिपाटं घालून ढीग जमिनीपासून उचलून ठेवायचा. टोकांना सावली द्या. टोकं बाकी लाकडापेक्षा लवकर वाळतात आणि म्हणून फुटतात.

टोकं फुटू नयेत म्हणून काय करायचं?

टोकांभोवती लोखंडी पट्टी आवळून बांधायची, किंवा टोकाच्या कापावर एस आकाराचे लोखंडी आकडे ठोकायचे. आकड्याची धार लाकडातल्या वर्तुळांना आडवी गेली पाहिजे, समांतर ठोकलेला आकडा पाचरीसारखा लाकूड फाडतो. हे काम लाकूड वाळायला लागतानाच करायचं. फुटल्यावर बांधलेली पट्टी फक्त फूट झाकते.

मापं काय ठेवावीत?

आपल्याकडची ठरलेली मापं अशी: ब्रॉडगेजला २७५० × २५० × १३० मिमी, मीटरगेजला १८०० × २०० × ११५, नॅरोगेजला १५०० × १८० × ११५. ब्रॉडगेजच्या सिलिपाटाचं आकारमान ०.०९ घनमीटरपेक्षा किंचित कमी भरतं, म्हणजे सालाचं असेल तर वजन ७५ ते ८० किलोच्या आसपास. चार माणसं उचलू शकतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बेअरिंग प्लेट घालायलाच हवी का? खर्च वाढतो.

रूळ आणि लाकूड यांच्या मधे बसते ती ही प्लेट. घाला. हिशेब करून बघू. मीटरला ५२ किलो भरणाऱ्या रुळाचा पाया १३६ मिमी रुंद असतो. २५० मिमी रुंद सिलिपाटावर तो टेकतो ती जागा ३४० चौरस सेंटिमीटर. समजा एका रुळाखाली ५ टन भार आला, तर लाकडावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण १४.७ किलो दाब आला. आता मधे २६० × २२० मिमीची प्लेट घातली, तर जागा ५७२ चौरस सेंटिमीटर होते आणि दाब ८.७ वर येतो. लाकूड तेच, भार तोच, फक्त लोखंडाचा एक तुकडा मधे आला.

दुसरा फायदा मला याहून मोठा वाटतो. प्लेटमध्ये २० ला १ चा कल घडवलेला असेल तर लाकूड तासावंच लागत नाही. तिसरा फायदा खिळ्यांचा. वळणावर रूळ बाहेर ढकलला जातो तेव्हा प्लेट आतला आणि बाहेरचा, दोन्ही खिळे एकदम कामाला लावते. प्लेट नसेल तर बाहेरचा एकटाच तो मार खातो. आणि प्लेट झिजली, वाकली तर? चार खिळे काढा, नवी घाला. लाकूड जसंच्या तसं.

फक्त एक करा. प्लेट लाकडावर नुसती ठेवून सोडू नका. रुळाबरोबर ती हलत राहिली तर करवतीसारखी लाकडात उतरते. रूळ धरणारे खिळे वेगळे आणि प्लेट लाकडाला आवळणारे स्क्रू वेगळे, ही रचना सगळ्यात चांगली. रूळ बदलताना मग प्लेटला हातही लावावा लागत नाही.

डॉग स्पाइक चांगला की स्क्रू स्पाइक?

डॉग स्पाइक घणाने पटकन बसतो, पटकन निघतो आणि स्वस्त असतो. पण तो तंतू कापत आत जातो. स्क्रू स्पाइकला आटे असतात, तो पान्याने फिरवून बसवायचा. त्याची पकड डॉग स्पाइकच्या जवळजवळ दुप्पट, शिवाय उपसताना लाकूड फाटत नाही. पाणी शिरायलाही फट कमी राहते. माझी निवड वळणावर, सांध्यावर आणि प्लेटसाठी स्क्रू, आणि सरळ, कमी वेगाच्या साइडिंगला डॉग स्पाइक. एक गोष्ट मात्र कधीही चालवून घेऊ नका, ती म्हणजे स्क्रू स्पाइक घणाने ठोकणं. घाईत गँगमन हे करतात, कारण दिसायला तो बसलेला दिसतो. आतले आटे तुटलेले असतात आणि तो साध्या खिळ्याहूनही वाईट पकडतो.

दोन्हींसाठी आधी गिरमिटाने भोक पाडायचं, खिळ्याच्या जाडीपेक्षा थोडं लहान. मी भोक आरपार पाडतो, म्हणजे शिरलेलं पाणी खाली खडीत निघून जातं. आतला आणि बाहेरचा खिळा एका रेषेत ठोकायचे नाहीत. आतले दोन्ही सिलिपाटाच्या एका कडेला, बाहेरचे दोन्ही दुसऱ्या कडेला. त्यामुळे एकाच तंतूवर ताण येऊन लाकूड फाटत नाही आणि सिलिपाट रुळाशी तिरपंही होत नाही.

खिळा सैल झाला तर सिलिपाट बदलायचं का?

नाही. इथेच लाकडाचं लाकूडपण उपयोगी पडतं. जुना खिळा काढा, भोक स्वच्छ करा, क्रिओसोटमध्ये बुडवलेली कठीण लाकडाची खुंटी घट्ट ठोका, वरून सपाट कापा. मग त्या जागेपासून थोडं सरकवून नवं भोक पाडा. गेज वाढलेलं असेल तर याच वेळी नीट करून घ्या. मोकळं भोक उघडं सोडणं हा माझ्या मते देखभालीतला सगळ्यात मोठा आळस. दहा मिनिटांची खुंटी अख्ख्या सिलिपाटाची पाच-सात वर्षं वाचवते. प्लेट एकदा सरकवता येते, दोनदा येते, तिसऱ्यांदा मात्र लाकडात जागाच उरत नाही. तेव्हा ते सिलिपाट यार्डातल्या कमी कामाच्या लाईनला हलवा.

लोखंडी सिलिपाट घेतलं तर ही सगळी कटकटच संपते ना?

काही संपते, काही नवी सुरू होते. लोखंडी सिलिपाट म्हणजे उलटी ठेवलेली पोलादी पन्हाळ. टोकं खाली वळवलेली असतात, ती खडीत रुततात आणि लाईन बाजूला सरकू देत नाहीत. रुळाखालचा कल दाबून घडवलेलाच असतो. ब्रॉडगेजचं एक साधारण ८० किलोचं, म्हणजे लाकडाइतकंच. वाळवी लागत नाही, आग लागत नाही, गेज उत्तम धरतं आणि एकात एक रचून नेता येत असल्याने एका गाडीत कितीतरी मावतात. स्वित्झर्लंडच्या डोंगरी मीटरगेज लाईनींवर ती वर्षानुवर्षं चालली आहेत. जर्मनीत वाय आकाराचीही पोलादी सिलिपाटं निघाली.

अडचण पॅकिंगची, म्हणजे खाली खडी ठोकून घट्ट भरण्याची. पन्हाळीच्या पोटात खडी नीट भरली नाही तर ती पोकळ वाजते आणि गाडीखाली हलते. नवी टाकल्यावर पहिले काही महिने पुन्हा पुन्हा पॅकिंग करावंच लागतं. दुसरी अडचण गंजाची. समुद्राकाठी, कोळशाच्या यार्डात, सतत ओल्या बोगद्यात लोखंडी सिलिपाट मी कुणालाच सुचवत नाही. कोळशाची भुकटी ओली झाली की पोलाद खाते.

लोखंडी सिलिपाटात दुरुस्तीला सोपी रचना कोणती?

पहिल्या काळातल्या सिलिपाटांत रूळ धरणारे कान त्याच पत्र्यातून कापून वर वळवलेले असत. स्वस्त, सुटे भाग कमी, दिसायला देखणं. पण कानाच्या मुळाशी, जिथे पत्रा वळतो तिथे, वर्षांनी बारीक तडा जायचा. पावसात त्या तड्यातून गंजाची एक लाल रेघ ओघळायची. लाईन तपासत चालणारा चावीवाला ती रेघ बघूनच थांबायचा. एक कान गेला की पूर्ण ८० किलोचं सिलिपाट गेलं.

मग आली सुट्या जबड्याची रचना. पत्र्याला फक्त भोकं, त्यात खालून अडकवायचा सुटा जबडा आणि जबडा व रूळ यांच्यामध्ये ठोकायची चावी. जबडा तुटला तर जबडा बदला, चावी झिजली तर चावी. भोक झिजून मोठं झालं तर कडेला वेल्डिंग करून पुन्हा मापात आणता येतं. मी म्हणतो तो विचार इतका स्वच्छ दुसरीकडे क्वचित दिसेल.

चावीत पण शहाणपण आहे. दुतर्फी चावी ३२ ला १ एवढी निमुळती असते, म्हणजे ठोकली की घट्ट बसते आणि गाडीच्या हादऱ्याने सहज उडत नाही. दुहेरी लाईनवर ती गाडीच्या दिशेने ठोकतात. रूळ त्याच दिशेने सरकू पाहतो आणि चावीला आणखी घट्ट करतो. रोज पहाटे घण खांद्यावर टाकून निघणारा चावीवाला याच चाव्या बघत मैलन्‌मैल चालत असे. आवाजावरून त्याला कळायचं कुठली सैल आहे.

बिडाची (ओतीव लोखंडाची) जुनी सिलिपाटं निरुपयोगी होती का?

मुळीच नाही. सीएसटी-९ नावाचं बिडाचं सिलिपाट आपल्या देशात लाखोंनी वापरलं गेलं. दोन रुळांखाली दोन वेगळ्या बिडाच्या प्लेटा, मधे जोडणारी टायबार म्हणजे लोखंडी पट्टी, ती धरायला कॉटर म्हणजे पाचरी, रूळ धरायला चाव्या. कॉटरची जागा बदलून गेज थोडंफार कमीजास्तही करता यायचं. एक प्लेट फुटली तर तेवढीच बदलायची, दुसऱ्या रुळाखालची तशीच. फुटलेली भंगारात जाऊन वितळून पुन्हा प्लेट व्हायची. वेग आणि भार वाढला तेव्हा ही रचना कमी पडली. बीड ठिसूळ, गाडी घसरली की एका ओळीत शेकडो फुटायच्या. तरी दुरुस्तीसाठी रचना कशी करावी हे शिकायचं असेल तर एक सीएसटी-९ सुटं करून पुन्हा जोडून बघा, एवढंच मी तरुण इंजिनिअरांना सांगतो.

एक आड एक लाकडी आणि लोखंडी टाकलं तर?

नको. लाकूड दबतं, लोखंड वेगळ्या पद्धतीने दबतं. गाडीला प्रत्येक पावलाला वेगळी जमीन लागते आणि पॅकिंग कधीच स्थिर होत नाही. एक सलग भाग लाकडाचा, एक सलग भाग लोखंडाचा असं करा. दोन रुळांची टोकं फिशप्लेट नावाच्या पट्टीने जोडतात त्या सांध्याखाली मात्र लोखंडी लाईनवरही लाकडी सिलिपाटं घालण्याची पद्धत होती, कारण सांध्यावरचा ठोका लाकूड पचवतं.

सिग्नलचं ट्रॅक सर्किट असेल तर?

रुळांतून वीज सोडून गाडी आहे की नाही हे ओळखलं जातं. लोखंडी सिलिपाट दोन्ही रूळ जोडतं आणि सिग्नलला गाडी उभी असल्यासारखंच वाटतं. अशा जागी इन्सुलेशन असलेली खास रचना हवी, नाहीतर लाकूड.

पुलावर काय टाकावं?

गर्डरच्या उघड्या पुलावर खडी नसते. सिलिपाट थेट गर्डरवर बसतं आणि हुक बोल्टने खालून धरलेलं असतं. ब्रॉडगेजला दोन सिलिपाटांतली मोकळी जागा ५१० मिमीपेक्षा जास्त ठेवत नाहीत, कारण गाडी घसरलीच तर चाक मधे पडू नये. इथे सगळ्यात कठीण लाकूड लागतं आणि ते मिळेनासं झालं, म्हणून पोलादी चॅनेलची आणि एच आकाराच्या बीमची सिलिपाटं आली. त्यांच्याखाली रबराचा थर लागतोच, नाहीतर लोखंडावर लोखंड आपटून रिव्हेट सैल होतात. तो थरही सुटा, बदलता येणारा.

हुक बोल्टच्या माथ्यावर एक बाणाची खाच असते. बोल्ट खालून फिरला की हुक गर्डरच्या कडेवरून निसटतो, पण वरून नट तर घट्टच दिसतो. खाच रुळाशी काटकोनात आहे का, एवढं बघितलं की खालचा हुक कुठे आहे ते वरूनच कळतं. ज्याने ही खाच सुचवली असेल त्याने किती माणसांना पुलाखाली उतरून बघण्यापासून वाचवलं असेल! तुमच्या रचनेत एखादा भाग झाकलेला राहणार असेल, तर त्याची खूण वर आणा.

एक सिलिपाट बदलायला काय काय करावं लागतं?

गाड्या थांबवायची किंवा हळू करायची लेखी व्यवस्था आधी. मग शेजारची आणि टोकाकडची खडी उकरा. रूळ धरणारे खिळे किंवा चाव्या काढा. शेजारच्या सिलिपाटांचे खिळेही थोडे सैल करा, म्हणजे जॅकने रूळ जरासा उचलता येतो, जरासाच. जुनं सिलिपाट एका बाजूने ओढून काढा, खालची जागा सारखी करा, नवं सरकवा. गेजपट्टी लावा, आधी एका रुळाचे खिळे, मग दुसऱ्याचे. खडी भरून बीटरने (खडी ठोकायच्या हत्याराने) दोन्ही रुळांखाली सारखं पॅकिंग करा. मधल्या भागाखाली घट्ट पॅकिंग करू नका, नाहीतर सिलिपाट मधे टेकून दोन्ही टोकांनी झुलतं आणि मधोमध तडकतं. दोन गाड्या गेल्यावर पुन्हा येऊन बघा. शेजारची दोन सिलिपाटं एकाच वेळी कधीही काढू नका.

सरावलेल्या चार माणसांना हे पाऊण तासात जमतं. तुमच्या रचनेला याहून जास्त वेळ लागत असेल, किंवा क्रेन मागवावी लागत असेल, तर कागदावर ती कितीही टिकाऊ असो, पावसाळ्यातल्या रात्री ती तुम्हाला रडवणार.

मग सगळीकडे काँक्रीट का आलं?

कारण मेन लाईनची गरज वेगळी आहे. काँक्रीटचं ब्रॉडगेज सिलिपाट २७० किलोच्या आसपास भरतं. लांब वेल्ड केलेले रूळ उन्हाने फुगून वाकडे होऊ नयेत म्हणून हे वजनच हवं असतं. पॅकिंग मशीन करतं, लवचिक क्लिप रूळ धरते, ५० वर्षं बघायला नको. जंगलही वाचतं, आणि मला हे कारण सगळ्यांत मोठं वाटतं. पण २७० किलोचं सिलिपाट चार माणसं हाताने बदलू शकत नाहीत, आणि बाजूला टेकायला जागा नसलेल्या घाटातल्या अरुंद कापात मशीन जात नाही. अमेरिकेत मालगाड्यांच्या लाईनींवर आजही ९० टक्क्यांहून जास्त सिलिपाटं लाकडीच आहेत. तिथे ओक मुबलक आहे आणि प्रक्रियेचे कारखाने चालू आहेत. आपल्याकडे तसं नाही, म्हणून आपण तसं करू नये.

कोणतं किती वर्षं टिकतं?

ढोबळ अंदाज असा: आपल्या हवेत लाकडी १२ ते १५ वर्षं, लोखंडी आणि बिडाची ४० ते ५०. चांगला निचरा असलेल्या कमी वापराच्या साइडिंगमध्ये प्रक्रिया केलेलं लाकूड याच्या कितीतरी पुढे जातं. चिखल झालेल्या खडीत सालही आठ वर्षांत संपलेलं मी पाहिलं आहे.

बागेतली छोटी गाडी किंवा कारखान्याची ६१० मिमीची लाईन करायची आहे. तुम्ही काय टाकाल?

कोरड्या प्रदेशात, सरळ लाईनवर, सुट्या जबड्याची लोखंडी. मराठवाड्यात, विदर्भात, सोलापूरकडे ही उत्तम चालतील. कोकणात आणि घाटमाथ्यावर, जिथे चार महिने धो धो पाऊस, तिथे दाबाने प्रक्रिया केलेलं लाकूड, वर कल असलेली प्लेट, स्क्रूने आवळलेली. माथेरानच्या गाडीसारखी तीव्र वळणं असतील तर लाकडाचा आणखी एक फायदा आहे. वळणावर गेज थोडं वाढवून ठेवावं लागतं आणि प्रत्येक वळणाला ते वेगळं. लाकडात हवं तिथे भोक पाडता येतं. लोखंडी सिलिपाट त्यासाठी आधीच वेगळं घडवून आणावं लागतं.

कारखान्यात एक फळी लावा आणि तिच्यावर सुटे भाग ठेवा: दहा जबडे, पन्नास चाव्या, वीस स्क्रू, डबाभर खुंट्या, दोन प्लेटा, गेजपट्टी. मागच्या वर्षी एका कारखान्यात ऐन गाळप हंगामात लाईन दोन दिवस बंद पडली होती. सिलिपाटं चांगली होती. शंभर रुपयांच्या चाव्या नव्हत्या.

जुनी सिलिपाटं लिलावात मिळतात. घरी वापरू का?

साल-सागाचं जुनं लाकूड सुंदर असतं, मोह होतो हे मला कळतं. पण त्यावर क्रिओसोट असेल तर सावध. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्रिओसोटला माणसात बहुधा कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. मुलांच्या खेळण्याच्या जागी, भाजीच्या वाफ्याला, बसायच्या बाकाला, घराच्या आत ते नको. रंधा किंवा करवत चालवताना उडणारा भुसा अंगावर, डोळ्यांत जाऊ देऊ नका. आणि जाळू तर कधीच नका. पुलाच्या कामावर मजुरांच्या वस्तीत सिलिपाटाच्या ढलप्यांवर स्वयंपाक होताना मी पाहिला आहे, काळा तेलकट धूर आणि चुलीजवळ खोकणारी पोरं. त्या दिवसापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येक कामावर तुटकी सिलिपाटं मोजून, कुलपात ठेवून परत पाठवली जात आणि चुलीसाठी लाकूडफाटा वेगळा मागवला जाई. तुमच्या कामावर मजूर राहत असतील तर खर्चाच्या यादीत तो फाटा आधीच धरा.